धाकट्याचा पाट आणि खोडलेलं पान

रोह्याच्या एका दुकानदाराने मला फसवलं. त्याचा राग काढायच्या भरात मी धरमतरच्या खाडीकडच्या एका म्हातारीला दिलेला शब्द मोडला. दुसरी गोष्ट माझी आहे, ती मी नाकारत नाही. पण पहिली झाली नसती तर दुसरी झाली नसती, आणि पहिलीबद्दल अजून कुणी तोंड उघडलेलं नाही.

पेणजवळ हमरापूरच्या बाजूला माझा गणपतीचा कारखाना आहे. मी मूर्तिकार नाही. मला साधा उंदीर वळता येत नाही. सुरुवातीला मी दुसऱ्यांच्या मूर्ती पेंढ्यात बांधून टेम्पोत चढवायचो. मग कच्च्या मूर्ती घेऊन रंगवून विकायला लागलो, मग शेड घेतली. शिक्षण नाही, पाठीशी कुणी नाही. घासाघीस तेवढी येते आणि तोंड तिखट आहे, त्यावर इथवर आलो.

बाहेरगावी जाणारा माल सोपा असतो, मोजून दिला की संपला. गावातल्या घरांचं तसं नाही. आमच्याकडची घरं आषाढात आपापला पाट आणून कारखान्यात ठेवतात. मूर्ती त्याच पाटावर बसते आणि पाटासकट घरी जाते. पाटाच्या मागे नाव लिहिलेलं असतं, पण त्याचा फारसा उपयोग नाही, कारण एकेका गावात एकाच नावाचे चार जण सापडतात. पाट तोंडावरून ओळखावा लागतो. कुणाचा कोपरा समईने जळलेला, कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा खिळा वर आलेला. असे तीन-चारशे पाट माझ्या डोक्यात होते. पन्नाशी उलटली आणि डोकं दगा द्यायला लागलं. एका वर्षी उजव्या सोंडेची मूर्ती मी भलत्याच पाटावर बसवली. ज्या घरात उजव्या सोंडेचा गणपती कधी आणलाच नव्हता, त्या घरातली बाई दारातच रडायला लागली. त्या दिवशी ठरवलं, आता हे डोक्यात ठेवायचं नाही.

त्या म्हातारीचे दोन पाट मात्र मी कधीच विसरलो नसतो.

तिचं घर खाडीकाठच्या गावात, घरचे लोक मिठागरावर राबणारे. दोन मुलगे. त्यांच्या घराण्यात गणपती एकच, मूळ घरात. भाऊ वेगळे राहिले तरी गणपतीला सगळे तिथेच जमायचे. गणपती वेगळा केला म्हणजे घर कायमचं तुटलं, असं आमच्याकडे मानतात. धाकटा धाटावच्या कंपनीत लागला, रोह्यात राहायला गेला आणि त्याने जमिनीत हिस्सा मागितला. थोरल्याने त्याला घराची पायरी बंद केली, गणपतीतसुद्धा. आणि वेगळा गणपतीही आणू देईना. म्हणजे धाकट्याच्या घरी गणपती नाही आणि गणपतीच्या घरात धाकटा नाही.

मग म्हातारीने एका आषाढात दोन पाट आणले. दुसरा तिच्या सासऱ्याच्या वेळचा, फणसाच्या लाकडाचा. घरी तिने सांगितलं होतं की त्याला वाळवी लागली, चुलीत घातला. धाकट्याची मूर्ती माझ्या टेम्पोतून खांब गावापर्यंत जायची आणि तिथे हायवेच्या कडेला धाकटा ती उतरवून घ्यायचा. पहिल्या वर्षी ती मला एवढंच म्हणाली, "शेट, मोठ्याच्या कानावर गेला ना, तर तो धाकल्याच्या दारातून मूर्ती उचलून आणील. मंग दोघंबी गेले माझे."

मी म्हटलं, काकी, माझ्या तोंडातून बाहेर पडणार नाही. चार वर्षं पडलंही नाही.

आता रोह्याचा माणूस. त्याचं दुकान झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि कॅमेरे बसवण्याचं. कुणीतरी सांगितलं की त्याने गणपती कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलंय. मी गेलो. त्याने स्क्रीनवर गणपतीचं चित्र दाखवलं, खाली 'निर्माता' म्हणून त्याचं स्वतःचं नाव. म्हणाला, सहा महिने रात्रंदिवस बसून खास तुमच्या धंद्यासाठी बनवलंय. मी घासाघीस करून निम्म्यावर आणला आणि काहीतरी जिंकल्यासारखा पेणला परत आलो.

तिसऱ्या दिवशी नवीन पाटाची नोंद भरत होतो. नाव, गाव, उंची, सोंड, सगळं भरलं, आणि शेवटी एक चौकट उघडली. तिच्यात विचारलं होतं, अस्तर लावायचं का?

शेजारी आमच्याकडे आखणी करणारी बाई बसली होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. माझ्या कारखान्यात तिच्याइतकी जुनी कुणी नाही आणि तिच्याइतकं मला बोलणारंही कुणी नाही. तिने ब्रश थांबवून स्क्रीनकडे पाहिलं.

"गणपतीला अस्तर? मग काजं-बटणं किती तेबी विचार त्याला, शेट."

सगळी शेड हसली. मी तिथूनच रोह्याला फोन लावला. तो म्हणाला, जुनं काहीतरी राहिलं असेल, काढून देतो. मी विचारलं, तू सहा महिने गणपतीसाठीच बसला होतास ना, मग जुनं कुठलं? त्याला अचानक रेंज मिळेनाशी झाली.

माझं डोकं फिरलं की मी जागेवर बसू शकत नाही. शेडमध्ये येरझाऱ्या घातल्या, मग मोबाइलमध्ये ते उत्तरं देणारं एआय उघडलं आणि त्याला स्क्रीनचा फोटो दाखवला. त्याने सरळ सांगितलं की हे शिंप्यांच्या दुकानासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर दिसतंय, आणि ते ओपन सोर्स आहे. म्हणजे बनवणाऱ्याने सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवलाय, कुणीही घ्यावा, बदलावा. असं काम ठेवायची एक मोठी जागा आहे. तिथे 'फोर्क' नावाचं बटण असतं. ते दाबलं की दुसऱ्याच्या कामाची अख्खी प्रत आपल्या खात्यात येते.

मी तीनदा विचारलं, पैसे किती. तीनदा उत्तर आलं, काही नाही. आयुष्यात मला कुणी काही फुकट दिलं नव्हतं, त्यामुळे विश्वास बसायला अर्धा दिवस गेला.

तिथे दोन प्रती होत्या. एक मूळ, शिंप्यांची. दुसरी रोहेकराची. त्याची प्रतही तिथे उघडीच पडली होती. मी मूळ घ्यायला हवी होती. पण शिंप्याचं गणपतीवर आणायची मेहनत त्याने केलेली होती, ती मला आयती हवी होती. शिवाय त्याच्याच खिशातून उचलण्यात समाधान होतं. मी त्याच्या प्रतीवरचं बटण दाबलं. मूळ प्रत उघडूनसुद्धा पाहिली नाही.

पुढचा महिना मी कारखान्यात असून नसल्यासारखा होतो. मला प्रोग्रॅमिंगचा एक शब्द कळत नाही. अस्तराची चौकट काढली तर मूर्ती द्यायची तारीख गायब झाली. तारीख परत आणली तर सगळ्या मूर्तींची उंची शून्य झाली. एआय दर वेळी माफी मागायचं आणि कोडचा नवा तुकडा द्यायचं. मी तो चिकटवायचो. काय चिकटवतोय ते मला ठाऊक नव्हतं, त्यालाही नसावं. जेवता जेवता उठायचो, गिऱ्हाईक समोर उभं असताना उठायचो. रंगाचा टेम्पो आला तेव्हा डबे न मोजता सही केली, जे मी कधी केलं नव्हतं. आखणीवाली म्हणाली, "शेट, यंदा मूर्तीपेक्षा त्या कॉम्प्युटरच्या डब्याचीच प्राणप्रतिष्ठा करा."

पण जमलं. शिंपी पूर्ण निघाला. पाटाची खूण लिहायला मी वेगळी जागा केली, पाटाचा फोटो लावायची सोय केली, आणि एक 'शेरा' नावाचा रकाना केला. डोक्यात होतं ते सगळं बोलून बोलून त्या रकान्यात उतरवलं. हा गृहस्थ बायकोला विचारल्याशिवाय उंची ठरवत नाही. यांच्याकडे यंदा सुतक. हे दोघे शेजारी बोलत नाहीत, मूर्ती वेगळ्या वेळी द्याव्यात. आणि म्हातारीच्या दुसऱ्या पाटापुढे लिहिलं: धाकट्याचा पाट, रोहा. खांबला द्यायचा. थोरल्याला कळू द्यायचं नाही.

का लिहिलं? डोकं दगा देतंय म्हणून तर सगळा खटाटोप होता. जी गोष्ट विसरून चालणार नाही, ती आधी लिहिली.

एआयने सांगितलं होतं की काम हरवू नये म्हणून ते आपल्या खात्यात वर चढवून ठेवा. मी कॉम्प्युटरवरचं अख्खं फोल्डर ओढून चढवलं. कोड त्यातच आणि यादीची फाइलही त्यातच. माझ्या प्रतीच्या नावाशेजारी बारीक राखाडी अक्षरात 'पब्लिक' असं लिहिलेलं होतं. ते मी वाचलं होतं. मला वाटलं, मूळ सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं आहे, त्याबद्दल ते असेल. प्रत माझ्या खात्यात, माझ्या पासवर्डात, म्हणजे माझी. शेडला कुलूप लावलं की आतला माल माझा, इतका साधा माझा हिशेब होता.

तिथवर थांबलो असतो तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण रोहेकर दुसऱ्या कारखानदारांना तेच विकत होता, आणि ते मला सहन होईना. आमच्या धंदेवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी माझ्या प्रतीची लिंक टाकली आणि खाली लिहिलं: रोह्याच्या दुकानात ज्यांनी पैसे मोजले त्यांनी बघावं. तीच वस्तू, अस्तर काढून, फुकट.

अंगठे आले, हसरे चेहरे आले. दोन दिवस मी छाती काढून फिरलो.

तिसऱ्या दिवशी आखणीवाली कामावर आली ती ब्रशला हात न लावता माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या भावजयीच्या फोनवर कुणीतरी फोटो पाठवला होता. तिने तो मला दाखवला आणि हळू आवाजात विचारलं, हे आपलंच ना. माझी यादी होती. माझे शेरे. ज्यांनी माझी प्रत उतरवून चालू केली, त्यांच्या स्क्रीनवर माझीच घरं उघडत होती, आणि कुणीतरी गंमत म्हणून शेऱ्यांचे फोटो काढून पुढे पाठवले होते. बायकोला विचारणाऱ्या गृहस्थावर लोक खूप हसत होते.

त्याच फोटोत, चार ओळी खाली, धाकट्याचा पाट होता.

मी प्रत काढून टाकली. तेव्हा कळलं की माझ्या प्रतीच्याही लोकांनी प्रती करून घेतल्या आहेत, बटण तर सगळ्यांनाच मिळालेलं. एकेकाला फोन केला. कुणी लगेच काढली, कुणी थट्टा करून काढली, एकाने फोनच घेतला नाही. आणि फोटो तर फोनाफोनांतून कधीच पुढे गेले होते.

थोरला दुसऱ्या दिवशी आला. मिठागरावरून तसाच आला होता, पायांवर पांढरे ओघळ. त्याने आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला बरं वाटलं असतं, मला त्यात बोलता येतं. त्याने फोन माझ्यासमोर धरला.

"ह्यो पाट कुठं हाय?"

मी म्हटलं, बस तरी. तो बसला नाही. फळीवर मांडलेले पाट पाहत गेला आणि त्याने फणसाचा पाट स्वतःच ओळखला. आजाच्या मांडीवर बसून ज्याच्यावर जेवला असेल, तो काय ओळखणार नाही? म्हणाला, "आमच्या घरचा हाय. दोनी दे."

मी आयुष्यभर लोकांना थोडं इकडे, थोडं तिकडे सरकवून धंदा केला. त्या वेळी माझ्याकडे सरकवायला काही नव्हतं. मी म्हटलं, तुझ्या नावाचा पाट ने. हा तुझ्या आईने माझ्या हातात दिलाय, ती मागेल तेव्हा तिच्या हातात देईन. तो म्हणाला, "आयशीचा एवढा शब्द पाळतोस, शेट?" आणि एकही पाट न घेता निघून गेला.

म्हातारी त्याच्या पुढच्या दिवशी आली. एकटी, एसटीने. मी खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. मी सगळं सांगायला लागलो, रोह्याचा माणूस, अस्तर, बटण. ती मधेच म्हणाली,

"मी तुला सांगितला व्हता, शेट. लिवून ठेव असा नाय सांगितला."

एवढंच बोलली. आखणीवालीने दोन्ही पाट फडक्याने पुसून एकावर एक बांधून दिले आणि "जपून गो काकी" म्हणत तिला फाट्यापर्यंत सोडून आली. आल्यावर ब्रश उचलून परत आखणीला बसली.

रोह्याला धाकट्याला फोन केला. त्याला कळलं होतं. तो म्हणाला, थोरला येऊन गेला. गेल्या वर्षीच्या आरतीचा फोटो भिंतीवर होता, तो बघितला आणि पाणीसुद्धा न पिता गेला. आईला आता रोह्याला फोन करायला बंदी आहे. यंदा मूर्ती नको, तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मूळ प्रत उघडली, शिंप्यांची. तिथे सगळ्यात वर एक पान होतं, इंग्रजीत. एआयकडून मराठीत करून घेतलं. आधी बनवणाऱ्याचं नाव. मग लिहिलेलं की हे कुणीही वापरा, विका, बदला, फक्त माझं नाव राहू द्या. आणि त्याखाली जाड अक्षरात: सोबतची नावं नमुन्याची, खोटी आहेत. तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकांची फाइल इथे कधीही चढवू नका, ही जागा साऱ्या जगाला दिसते.

हे पान रोहेकराच्या प्रतीत नव्हतं. म्हणून माझ्याही प्रतीत आलं नाही. त्या जागेवर कुणी काय खोडलं याची नोंद राहते, हेही मला तेव्हाच कळलं. नोंद उघडली. त्याने पहिल्याच दिवशी, गणपतीचं चित्र घालायच्याही आधी, ते पान काढून टाकलं होतं. कोडला हात नाही, शिंप्याचं अस्तर तसंच, पण पान गेलं. कारण पानावर दुसऱ्याचं नाव होतं आणि त्याला तिथे आपलं हवं होतं.

कुणी म्हणेल, पान असतं तरी तू वाचलं असतंस कशावरून? मी पावतीची मागची बाजूसुद्धा वाचतो. ज्या माणसाने अस्तराची चौकट काढायला महिना घालवला, तो पहिल्या पानावरचं जाड अक्षर सोडणार होता का?

मी रोह्याला गेलो. दुकानात फॉर्म भरायला आलेले लोक होते, त्यांच्यासमोरच विचारलं. तो अगदी थंड होता. म्हणाला, शेट, विकायला परवानगी आहे, लायसन वाचा. मी म्हटलं, वाचलं, विकलंस त्याबद्दल मी आलेलोच नाही, तो माझा मूर्खपणा. पान का काढलंस ते सांग.

"पानाने काय होतंय? यादी तुम्ही चढवली. लिंक तुम्ही टाकली. मी सांगितलं होतं का?"

खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं. मी त्याच्या काउंटरवर हात आपटला, झेरॉक्सचे कागद खाली पडले, रांगेतल्या एकाने मला धरलं. तो कागद गोळा करत म्हणाला की गिऱ्हाइकांना आत येऊ द्या. पानाबद्दल एक शब्द बोलला नाही.

तिथून मी परस्पर खाडीकाठच्या त्या गावात गेलो. थोरला ओटीवर होता, म्हातारी आत. त्या दोघांना ऐकू जाईल असं मी सगळं सांगितलं. यादी मी चढवली. लिंक मी टाकली, दुसऱ्याला खाली पाडायला टाकली. काकीने माझ्यावर विश्वास ठेवला, तिची चूक एवढीच. थोरल्याने ऐकून घेतलं. पाणी मिळालं. निघताना थोरला फक्त म्हणाला की त्यांची मूर्ती यंदा दुसरीकडून येईल, आणि घरात एकच येईल.

श्रावण लागलाय. शेडमध्ये रंगाचं काम जोरात आहे आणि मला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. माझ्याकडून काय झालं ते मी त्या ओटीवर उभं राहून सांगून आलो, इथेही लिहिलं. मी सुटलो असं मी म्हणत नाही. पण माझ्याआधी कुणीतरी ते पान खोडलं. बनवणाऱ्याने फुकट दिलेल्या वस्तूबरोबर फुकट दिलेली सूचना, फक्त स्वतःचं नाव मोठं दिसावं म्हणून. त्यानंतर तीच वस्तू त्याने आणखी किती कारखान्यांना विकली, त्यांच्या याद्या कुठे उघड्या पडल्यात, हे त्याला तरी ठाऊक आहे का?

मला पैसे परत नकोत. त्याने एक दिवस दुकान बंद करावं, माझ्याबरोबर त्या गावात यावं, आणि ते पान का काढलं याचं उत्तर त्या म्हातारीसमोर द्यावं. टेम्पो माझा, डिझेल माझं. दिवस त्याने सांगावा.